जेठा कोंब

उसाचं पान पिवळं पडलं की आमच्याकडं माणसाचा जीव वर-खाली होतो. तांबेरा आला का, बुडात हुमणी लागली का, लोह कमी पडलं का, पाणी तुंबलं का, नाना शंका येतात. कोलोरॅडोत झाडाची पानं पिवळी पडली की यात्रा भरते. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात एका रविवारी लेकीनं आणि जावयांनी आम्हा नवरा-बायकोला गाडीत घालून डेन्व्हरहून केनोशा नावाच्या खिंडीत नेलं, तर रस्त्याच्या दोन्ही अंगांना लांबवर गाड्या लागलेल्या. म्हातारी माणसं, तान्ही पोरं, कुत्री, सगळा गाव लोटल्यासारखा. आणि हे सगळे आले होते कशाला, तर गळायला आलेली पानं बघायला.

त्या झाडाचं नाव अ‍ॅस्पन. अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या डोंगरांत त्याची बनंच्या बनं आहेत. वर्षातले दोन-तीन आठवडे ती हळदीत बुडवून काढल्यासारखी होतात, मग एखादं जोराचं वारं आलं की सगळं खाली.

मंडळींचे गुडघे चढाला साथ देत नाहीत, आणि नातू गाडीतच झोपला होता. मी म्हटलं, मी जरा पुढं जाऊन येतो. लेक कावरीबावरी झाली. ती खिंडच दहा हजार फुटांवर आहे. आपलं कळसूबाई शिखर 5,400 फुटांचं, म्हणजे मी नुसता गाडीतून उतरलो तरी कळसूबाईच्या जवळजवळ दुप्पट उंचीवर उभा होतो. तिनं पाण्याच्या दोन बाटल्या दिल्या, गळ्यात शिट्टी अडकवली आणि बजावलं. दम लागला की बसा. वाट सोडू नका. इकडं अस्वलं असतात, मुकाट चालू नका, काहीतरी आवाज करत चाला. घड्याळ बघून तासाभरानं मागं फिरा. "आण्णा, इथं मोबाईलला रेंज नाही, हाक मारली तरी कुणी येणार नाही," म्हणाली.

वाट चांगली मळलेली होती. ती म्हणे डेन्व्हरजवळून निघून ड्युरँगो नावाच्या गावापर्यंत जाते, सुमारे 780 किलोमीटर. आळंदी ते पंढरपूर वाटेच्या तिप्पट. पहिल्या अर्ध्या मैलात फोटो काढणाऱ्यांची गर्दी होती, पुढं माणूस विरळ होत गेला आणि एका वळणानंतर मी एकटाच उरलो. विठ्ठल विठ्ठल म्हणत चाललो. देवासाठी कमी, अस्वलासाठी जास्त.

खोडं पांढरी, चुना लावल्यासारखी. हात फिरवला की तळव्याला खरंच पांढरी पूड लागते. झाड मोठं होताना खालच्या फांद्या आपल्या आपण टाकून देतं, त्या जागी काळे व्रण राहतात, ते थेट डोळ्यांसारखे दिसतात. पानाचा देठ चपटा असतो, म्हणून वाऱ्याची झुळूकही त्याला पुरते. आपला पिंपळ सळसळतो तसंच, पण पिंपळाचा आवाज जाड, हा बारीक, लांबून पाऊस येतोय असा. मी दोनदा मान वर करून बघितलं. आभाळ स्वच्छ निळं होतं.

शेतकऱ्याची नजर वाईट. सौंदर्य बघता बघता ती बुडाकडं जाते. सगळी खोडं एका जाडीची, एका वयाची, एकाच हाताची लागण असावी तशी. वाटेच्या कडेला गुडघ्याएवढा एक कोंब होता. बुडातली पालापाचोळ्याची थर जरा बाजूला केली, तर अंगठ्याएवढी मुळी आडवी गेलेली, आणि कोंब त्या मुळीतून वर आलेला. बीचं रोप आणि फुटवा यातला फरक आम्हाला कुणी सांगावा लागत नाही.

आदल्या रात्री जावईबापूंनी जेवताना हेच सांगितलं होतं. शेजारच्या युटा राज्यात या झाडाचं एक बन आहे, 106 एकरांचं. त्यात सुमारे 47,000 खोडं आहेत आणि ते सगळं मिळून एकच झाड आहे, खाली मूळ एक. शास्त्रज्ञांनी त्याला पांडो असं नाव दिलंय, लॅटिन भाषेत त्याचा अर्थ 'मी पसरतो'. ते मोठ्या कौतुकानं सांगत होते, आणि मी मनात म्हणत होतो, त्यात नवल काय? बांबूचं बेट हेच करतं, केळीचा कंद हेच करतो, आमचा खोडव्याचा ऊस हेच करतो. 106 एकरांचा आकडा तेवढा पोटात गेला. एवढ्या रानात आमच्याकडं तीस-चाळीस खातेदार आणि त्यांचे बांधावरचे खटले मावतात.

पुढं एका उघड्या जागी आलो तर समोरचा सगळा उतार दिसला. बन सगळं एकसारखं पिवळं नव्हतं. एक तुकडा सोनेरी, त्याला लागून एक अजून हिरवा, त्यापलीकडं एक नारिंगी. एका मुळाची झाडं एकदम रंग बदलतात, दुसऱ्या मुळाची आपल्या वेळेला. लांबून बघताना भाऊबंदांची रानं दिसावीत, याची लागण, त्याचा खोडवा, तसं दिसत होतं. बांध नसताना बांध दिसत होते.

तिथून पुढं काही अंतरावर मी बसलो, आणि जे सांगायला हा लेख लिहायला घेतला ते तिथलं आहे.

एका बाजूला जुनी खोडं दाटीनं उभी होती, पण त्यांच्या बुडाला नवा कोंब एक नव्हता. दुसऱ्या बाजूला वाऱ्यानं की कशानं तीन-चार झाडं आडवी पडली होती, वरून ऊन खाली आलं होतं आणि तेवढ्या जागेत खांद्याएवढ्या कोंबांची अशी गर्दी झाली होती की आत शिरायला वाट नव्हती. मूळ तेच असणार. माती तीच, पाऊस तोच. मग इथं एवढे फुटवे आणि दहा पावलांवर एकही नाही, असं का?

याचं उत्तर मला जावयांना विचारावं लागलं नाही. दरवर्षी मी ते स्वतःच्या हातानं करत आलोय.

शहरातल्या वाचकांसाठी सांगतो. उसाची कांडी लावली की तिच्या डोळ्यातून पहिला कोंब येतो, त्याला जेठा कोंब म्हणतात. जेठा म्हणजे थोरला. तो जोरात वाढतो, पण तो वाढतो तोवर बाकीच्या फुटव्यांना जोर येत नाही. म्हणून दीड-दोन महिन्यांनी, बुडात चार-पाच फुटवे दिसायला लागले की हा जेठा कोंब मोडून टाकायचा. मग बाकीचे फुटवे एका जोमानं, एका उंचीनं वर येतात आणि बेटाला ऊस जास्त भरतो. झाडाच्या शेंड्यातून खाली मुळाकडं सारखा निरोप जात असतो, मी आहे, तुम्ही थांबा. शेंडा गेला की निरोप थांबतो. अ‍ॅस्पनचंही तेच. खोड तुटलं, जळलं, पडलं की मुळाला मोकळीक मिळते. वणवा गेलेल्या रानात एकरी हजारो कोंब येतात म्हणे.

आमच्या आबांना हे जेठा कोंब मोडणं कधी पटलं नाही. मी तिशीत असताना कारखान्याच्या शेती अधिकाऱ्याकडून ते ऐकून आलो आणि घरी सांगितलं, तर म्हणाले, "सगळ्यात चांगला वाढलेला कोंब मोडायचा? अक्कल गहाण टाकलीस काय?" ते कार्तिकीला पंढरपूरला गेले तेव्हा मी गुपचूप चार सऱ्यांतले मोडले. आल्यावर त्यांनी रानातून चक्कर मारली आणि आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. पुढं त्या चार सऱ्या तोडीला आल्या तेव्हा त्यांच्या मोळ्या शेजारच्या सऱ्यांपेक्षा जास्त भरल्या. आबा बांधावर उभे राहून मोजत होते. म्हणाले, "तिथलं रान चांगलं हाय."

आबा 83 व्या वर्षी गेले. शेवटपर्यंत पेटीची किल्ली त्यांच्या करदोड्याला होती. साताबारा त्यांच्या नावावर, सोसायटीचं खातं त्यांचं, कारखान्याचं बिल त्यांच्या पासबुकात. त्यांना आंघोळ घालायचो ती मी, पण किल्ली बाजूला करून घालायचो. ते गेले तेव्हा मी 51 वर्षांचा होतो, आणि आपल्या घरात पैसे किती आहेत हे मला त्या वर्षी पहिल्यांदा कळलं. फार नव्हते. एवढ्यासाठी आपण तीस वर्षं मान खाली घालून उभे राहिलो याचं हसू आलं, आणि दशक्रियेच्या दिवशी कुणी बघत नाही असं बघून गोठ्यात जाऊन रडलो. बाप गेला म्हणून रडलो की दुसऱ्या कशासाठी, ते मला अजून नीट सांगता येत नाही.

आणि मी काय केलं? वारसनोंद करून घेतली, सोसायटीत नाव लावलं, किल्ली आता बँकेच्या लॉकरची आहे एवढाच फरक. माझा पोरगा छत्तीस वर्षांचा आहे. साडेचार एकर रान तो कसतो. पहाटेची पाळी तो धरतो, ऊसतोडीच्या मुकादमाशी तो भांडतो. मोटरसायकलच्या पेट्रोलला पैसे मागायला येतो तेव्हा माझ्याकडं बघत नाही, भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघतो. मी देतो. कधी नाही म्हटलेलं नाही. पण तो कॅलेंडरकडं बघतो हे मला दिसत होतं आणि दिसत असून मी दिसू दिलं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी तो म्हणाला, एका एकरातला ऊस मोडून आलं करू. मी म्हटलं, ऊस कारखाना उचलतो, आल्याला गिऱ्हाईक कोण बांधून ठेवलंय? बेणं महाग, कंदकुज आली की सगळं मातीत. मी बोललो त्यात खोटं काहीच नव्हतं. आल्यानं कैक घरं बसलेली मी बघितलीत, उठलेलीही बघितलीत. पण खरं सांगायचं तर त्या दिवशी मी आल्याचा विचार करत नव्हतो. कर्जाला सही माझी लागणार होती, आणि ती माझ्याकडंच आहे याचं मला बरं वाटलं होतं. आबांची 'अक्कल गहाण टाकलीस काय' मी वेगळ्या शब्दांत, जरा सभ्यपणानं म्हटली, एवढंच.

त्या पडलेल्या खोडावर बसून मला हे सगळं आठवलं. ओशाळं वाटलं. समोर ती कोंबांची दाटी होती, आणि बाजूला ती जुनी उभी खोडं, तिचे ते काळे डोळे.

पण इथं थांबलो तर ते कीर्तन होईल. थोरल्यानं सरावं, धाकट्याला जागा द्यावी, असं म्हणायला काय लागतं? आमच्याच वाडीत एकानं सरून बघितलंय. दोन्ही पोरांच्या नावानं सगळं करून दिलं, मोठ्या मनानं, साठीच्या आत. गावानं वाहवा केली. आज तो म्हातारा एक महिना या घरी आणि एक महिना त्या घरी जेवतो, आणि एकतीस दिवसांचा महिना आला की त्या एका दिवसावरून दोन सुनांची भांडणं होतात. 2007 साली कायदा झालाय, सांभाळायच्या अटीवर दिलेली मालमत्ता, पोरांनी सांभाळलं नाही तर, प्रांताकडं अर्ज करून परत मागता येते. त्याला कुणीतरी हे सांगितलं, तर म्हणाला, "परत घेऊन करू काय? भाकरी कोण थापणार?" म्हणून गावातली जुनी माणसं सांगतात, पाय चालतायत तोवर किल्ली सोडू नये. हा हावरटपणा नाही, भीती आहे. आबांनाही ती असेल. मला आहे.

आणि झाडाकडं बघितलं तर तेही सरळ सांगत नाही. युटातल्या त्या मोठ्या बनाचं दुखणं वेगळंच आहे. तिथली जुनी खोडं वय होऊन पडतायत, जागा मोकळी होतेय, मुळातून कोंबही येतायत, पण हरणं आणि चरायला सोडलेली गुरं ते कोंब खाऊन टाकतात. शंभर-सव्वाशे वर्षांची खोडं एकामागून एक चाललीत आणि त्यांच्या जागी वर येणारं कुणी नाही. काही भागाला त्यांनी कुंपण घातलं. जिथं कुंपण नीट झालं तिथं कोंब वाढले. म्हणजे नुसतं सरून भागत नाही. सरलात आणि पाठ फिरवलीत तर कोवळं कुणीतरी खाऊन जातं. आमच्याकडं हरणं नाहीत, पण सावकार आहे, प्लॉटवाला आहे, दारू आहे, पडलेला भाव आहे.

मग माणसानं काय व्हायचं, पडलेलं खोड की कुंपण? कुंपणाचाही मोह वाईटच. मी तुझ्या भल्यासाठी सही अडवली, हे कुंपणाचंच बोलणं आहे. कुंपण कुठं संपतं आणि कोंडवाडा कुठं सुरू होतो, हे आतल्याला चटकन कळतं, बाहेर उभ्या असलेल्याला कळत नाही.

कीर्तनात वानप्रस्थाश्रम ऐकलेला आहे. केस पांढरे झाले, नातवाचं तोंड बघितलं की घर पोरावर टाकून वनाकडं निघावं. आमच्या गावातून असा गेलेला मला तरी कुणी माहीत नाही. फार तर पंढरपूरपर्यंत जातात, तेही किल्ली कमरेला बांधून. आणि बघा, मी मात्र नातवाला गाडीत झोपवून खरोखरच्या वनात येऊन बसलो होतो, सातासमुद्रापलीकडं, गळ्यात शिट्टी घालून.

लेकीचंही एक आहे. येताना गाडीत मी सहज बोललो होतो की रानाचं काय ते एकदा करून टाकायला पाहिजे. ती स्टेअरिंगवर होती, मागं न बघता म्हणाली, "आण्णा, करा. पण मला नुसतं हक्कसोडीवर सही कर म्हणून कागद पाठवू नका. आधी विचारा." 2005 च्या कायद्यानं तिचा हिस्सा भावाएवढाच आहे, हे मला माहीत होतं. तिला ते रान नको आहे, हेही माहीत होतं. पण विचारायचं असतं, हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. मुळी आडवी किती लांब गेलीय आणि कोंब कुठं वर आलाय, हे वरून बघणाऱ्याला दिसत नाही.

थंडी वाजायला लागली तसा उठलो. तास होऊन गेला होता. उतरताना वारं सुटलं आणि पानं पडायला लागली, एकेक नाही, पसाभर एकदम. त्यातलं एक उचलून खिशात ठेवलं, नातवाला द्यायला. खाली आलो तर लेक वाटेच्या तोंडाशी उभी, रागावलेली. मंडळींनी डब्यातली चपाती-भाजी काढून दिली. पान खिशात चुरगळून गेलं होतं.

रात्री नऊला पोराचा फोन आला. आपल्याकडं तेव्हा सकाळचे साडेआठ. इकडचं-तिकडचं झालं, म्हशीचं झालं, पावसाचं झालं. मग नेहमीसारखं विचारलं, "आण्णा, वरच्या पट्टीतल्या आडसालीचा जेठा कोंब मोडायला आलाय. उद्या चार बायका लावू का? का तुम्ही म्हणत असाल तर आणि आठ दिवस थांबू?"

वरची पट्टी मी ऑगस्टमध्ये निघायच्या आधी बघितली होती, तेव्हा उगवणही पुरी झाली नव्हती. आता ती कशी आहे ते मला दिसत नव्हतं, त्याला दिसत होतं. इतकी वर्षं हे मी फोनवरूनही ठरवलं असतं.

म्हटलं, "तू बघ. तुला ठीक वाटेल ते कर. आणि त्या आल्याचंही आपण मी आल्यावर बसून बोलू. कागद काय लागतात तेवढं सोसायटीत विचारून ठेव."

पलीकडून आवाजच येईना. मला वाटलं रेंज गेली. दोनदा हॅलो म्हटलं.

मग तो हळूच म्हणाला, "आण्णा, तब्येत बरी हाय न्हवं? आईकडं द्या बघू जरा फोन."